परत येणाऱ्यावरचा कर

आमच्या सोसायटीत येणारे कुरियरवाले डॉक्टरबाईंच्या दारात आधी कान दाखवायचे आणि मग पार्सल द्यायचे. बाई कान-नाक-घशाच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण दारात आलेल्या माणसाचा कान बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हेल्मेट काढायला लावून, त्याला जिन्याच्या खिडकीकडे वळवून त्या बघायच्या आणि ओरडून सांगायच्या, "काडी घालू नकोस. तेलही नको. उद्या ये." आयुष्यभर बहिऱ्यांशी बोलल्यामुळे बाईंचा आवाज तसाच राहिला होता. तो मुलगा दुसऱ्या दिवशी यायचा, पार्सल नसलं तरी.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. अंधेरी पूर्वेच्या त्यांच्या घरात मी भाड्याने राहत होते. मागची एक खोली, न्हाणीघर स्वतंत्र, स्वयंपाकघर सामाईक. खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझं गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. नोकरी कुठे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "सहारला, क्लिअरिंग एजंटकडे. परदेशातून विमानाने माल आला की त्याचे कस्टम्सचे कागद आम्ही करतो."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे पार्सल अडकलं तर सोडवणारी तू."

"सोडवणारे साहेब असतात. मी कागद करते."

"तेच ते. सामान कधी आणतेस?"

मला वाटलं, एकटी बाई आहे, परदेशातली मुलगी काही खाऊ-कपडे पाठवत असेल. मुलगी लीड्सला होती खरी. पण पार्सलं तिची नव्हती. बाई परदेशातल्या ऑनलाइन लिलावात बोली लावायच्या. आणि घ्यायच्या त्या एकाच प्रकारच्या वस्तू. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या आपल्याकडच्या शिपायांची पदकं.

हे कसं सुरू झालं ते त्या अगदी सरळ सांगायच्या. त्यांच्या शिकतानाच्या काळात कपाळावर बांधायचा गोल आरसा असे, घशात उजेड पाडायला. तसा एक जुना आरसा आठवण म्हणून हवा होता, म्हणून त्या लिलावाच्या साइटवर शोधत होत्या. शोधता शोधता समोर एक चांदीचं पदक आलं. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, पलटण आणि नाव कोरलेलं. नाव मराठी. खाली विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'भारतीय शिपाई, कडा किंचित झिजलेल्या'.

"आरसा राहिला बाजूला," बाई म्हणायच्या. "माणूस नावानिशी विकायला ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला."

तेव्हापासून त्या ही पदकं विकत घेत आणि ज्याचं पदक, त्याच्या घरचं कुणी सापडतं का ते शोधत. सापडलं तर नेऊन देत. नाही सापडलं तर पदक त्यांच्या जुन्या उपकरणांच्या खणात कापसात ठेवलेलं असे. त्या खणाला त्या वेटिंग रूम म्हणायच्या.

सकाळी चहा झाला की बाई राऊंडला बसत. राऊंड म्हणजे लॅपटॉप उघडून कुठलं पार्सल कुठे पोहोचलंय ते बघणं. मी डबा भरत असायची आणि बाहेरून मोठ्याने बातमी यायची, "लाइपझिगला पोहोचला गं!" 'पोहोचलं' नाही, 'पोहोचला'. दोन दिवस जागचा हलला नाही की बाई बेचैन व्हायच्या. मग मला विचारायच्या, "पडलाय की अडकलाय?" यातला फरक मीच त्यांना शिकवला होता. पडलेलं पार्सल आपोआप उठतं, अडकलेल्यासाठी जावं लागतं.

बोली मात्र एकदाच लावायच्या. मनात ठरवलेला आकडा टाकायचा आणि उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचं. शेवटच्या मिनिटाला पुन्हा पुन्हा बोली चढवणारे लोक त्यांना आवडत नसत. "डोस ठरला की ठरला. ताप बघून चमचा वाढवायचा नसतो."

या नादाचा खर्च मुळात पदकाचा नव्हताच. पदक मिळायचं एका किमतीला. त्यावर लिलाव करणाऱ्यांचं कमिशन. मग पाठवणावळ, जी कितीदा तरी पदकापेक्षा जास्त असायची, कारण नोंदणी करून, विमा उतरवून पाठवा असा बाईंचा आग्रह. आणि मग इथली ड्युटी. पहिल्यांदा मी त्यांना ड्युटीचा हिशोब समजावला तेव्हा त्या भडकल्या होत्या. कर नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, तिचा वाटखर्च आणि तिचा विमा, सगळ्याची बेरीज करून त्यावर लागतो.

"वाटखर्चावरपण कर? रस्ता काय यांच्या बापाचा?"

"नियम तसाच आहे, बाई."

त्यांनी ती बेरीज कागदावर स्वतः करून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे जितक्या लांबून येईल तितका कर जास्त. बरोबरच आहे. लांब गेलेल्या माणसाला परत यायला जास्तच पडतं."

त्यानंतर ड्युटीबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. उलट कुणी ती चुकवायचा रस्ता दाखवला की त्यांचं डोकं फिरायचं. रस्ते दाखवणारे पुष्कळ होते. परदेशातले विकणारे आपणहून लिहायचे, 'भेटवस्तू म्हणून पाठवू का? किंमत कमी दाखवू का?' बाई दोन बोटांनी टाइप करत उत्तर द्यायच्या, 'पूर्ण किंमत लिहा.' आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले होते, "डॉक्टर, सगळेच करतात हो, तुम्ही कशाला उगीच भरता?" त्यांना बाईंनी जिन्यातच सुनावलं. "खोट्या किमतीवर आत आलेला माणूस आयुष्यभर त्याच किमतीचा राहतो."

लीड्सच्या मुलीशी भांडण व्हायचं तेही यावरूनच. तिचा फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"आई, माझ्या पत्त्यावर मागव ना. मी डिसेंबरमध्ये येताना पर्समध्ये घालून आणते. ना शिपिंग, ना ड्युटी. एवढीशी तर वस्तू."

"नको."

"का पण?"

"तो घरी येतोय. पर्समध्ये लपून का येईल?"

"आई, ते मेडल आहे. माणूस नाहीये."

"मग तू माणूस आण. डिसेंबरमध्ये नक्की येतेयस ना?"

यावर पलीकडून तिकिटांच्या भावाचं बोलणं सुरू व्हायचं.

घरच्यांचा शोध हा वेगळाच प्रकार. जे शिपाई जिवंत परतले त्यांचा माग लागणं कठीण. पण जे मेले त्यांच्या याद्या तिकडे जपून ठेवल्या आहेत आणि त्या इंटरनेटवर बघता येतात. काही नावांपुढे बापाचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. बाई ते गाव काढायच्या आणि थेट ग्रामपंचायतीत फोन लावायच्या. "मी मुंबईहून डॉक्टर बोलतेय. तुमच्या गावात या आडनावाची किती घरं आहेत?" एकदा साताऱ्याकडच्या एका गावात यामुळे घबराट उडाली. ग्रामसेवकाला वाटलं, मुंबईला गेलेल्या कुणाला तरी साथीचा रोग झालाय. त्याने त्या आडनावाच्या सगळ्या घरांना बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघ, शंभर वर्षांनी त्याच्यासाठी कुणीतरी घरात थांबलं."

अशी किती पदकं त्यांनी पोहोचवली मला माहीत नाही. सगळीकडे स्वागत झालं असंही नाही. दिंडोशीच्या एका घरात दारातूनच विचारलं होतं, "याचं काही मिळतं का सरकारकडून?" बाई म्हणाल्या, "नाही, उलट जपावं लागतं." त्यांनी घेतलं आणि दार लावून घेतलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. औषध लिहून देणं आपलं काम, घेतलं की नाही हे बघायला कुणाच्या घरी राहता येत नाही, असं त्यांचं मत.

पण मला सांगायचंय ते राघोबद्दल.

राघो कदमचं पदक नव्हतं. त्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने काशाची एक जाडजूड तबकडी पाठवली होती, तळहाताहून मोठी. तिच्यावर हातात पानांचं कडं धरून उभी असलेली एक बाई, तिच्यापुढे सिंह, आणि बाजूच्या चौकटीत मेलेल्या माणसाचं नाव उठावात. हुद्दा नाही, नंबर नाही, नुसतं नाव. तशी एक तबकडी बाईंनी इंग्लंडच्या एका लिलावात घेतली. सिंहाच्या पंजाखाली एक तिरपा ओरखडा होता, बाकी स्वच्छ. मेलेल्यांच्या यादीत या नावाचा एकच शिपाई निघाला, खेड तालुक्यातला.

ती सहारला अडकली. कुरियरच्या माणसाने कागदावर लिहिलं होतं, 'धातूची तबकडी', आणि अधिकाऱ्याला प्रश्न पडला की हे नक्की काय. नाणं, दागिना, भंगार की जुनी संग्राह्य वस्तू? प्रत्येकाचा दर वेगळा. आमचे साहेब म्हणाले, "वापरलेली धातूची वस्तू म्हणून टाक आणि मोकळी हो." मी घरी येऊन बाईंना तसं सांगितलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली, खाली नेहमीचे स्पोर्ट्स शूज घातले आणि माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

मी खटपट करून त्यांचा पास काढला. कस्टम्सच्या शेडमध्ये त्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या. अधिकारी तरुण होता, आधीच कामाने वैतागलेला. त्याने खोकं उघडून घेतलं आणि तबकडी हातात घेतली.

"मॅडम, हे आहे काय?"

"युद्धात मेलेल्या माणसाच्या घरी पाठवलेलं स्मृतिचिन्ह. त्याच्या घरी पोहोचलं नाही. मी पोहोचवणार आहे."

"तुमचे कोण हे?"

"कोणी नाहीत."

त्याने तबकडी उजेडात तिरपी केली आणि इंग्रजी अक्षरं लावत वाचलं, "रागो... रागहो..."

"राघो," बाई म्हणाल्या. त्या आवाजाने शेडमधल्या चार माणसांनी वळून पाहिलं. "राघो कदम. तालुका खेड. इराकात, बसऱ्याला मेला."

अधिकाऱ्याने एकदा बाईंकडे आणि एकदा त्या नावाकडे पाहिलं. मग 'धातूची तबकडी' खोडून त्याच्या जागी जुनं संग्राह्य स्मृतिचिन्ह असं काय ते लिहिलं आणि त्याचा जो दर होता तो लावला. बाईंनी तिथल्या तिथे भरला. निघताना त्या त्याला म्हणाल्या, "डाव्या कानाने कमी ऐकू येतं तुम्हाला. दाखवून घ्या."

राघोच्या घरचे सापडले चारकोपला. गावातल्या कदमांनी सांगितलं, ते घर कधीच उठलं, त्याचा मुलगा गिरणीत लागला होता, आता त्यांची माणसं कांदिवलीकडे असतात. एका रविवारी आम्ही दोघी गेलो. सेक्टरमधली म्हाडाची जुनी इमारत, दुसरा मजला. दार संदेशने उघडलं. हा राघोचा पणतू, पंचेचाळिशीचा, तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छपाईच्या कारखान्यात कामाला. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. म्हणजे राघोच्या नातवाची बायको. पांढरे केस, बारीक अंग, पलंगावर पाय वर घेऊन लसूण सोलत बसली होती.

बाईंनी सगळं सांगितलं आणि तबकडी म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने लसणाचे हात पदराला पुसले. बराच वेळ तिने बोट फिरवलं ते नावावरून नाही, त्या उभ्या बाईवरून.

"ही कोण?" तिने विचारलं.

"ही त्यांची देवी समजा. इंग्रजांच्या राज्याची."

"म्हंजे ही त्याने ठेवलेली बाय नाय?"

 संदेश पुढे आला. "आई, काय बोलतेस?"

"तू गप रे." म्हातारी बाईंकडे वळली. "आमच्या घरात याचं नाव काढीत नव्हते, डॉक्टर. मुंबैला गेला, पलटनीत नाव दिलंन, मग कागुद नाय, पैसा नाय. गावात सगले बोलले, दुसरी बायको केलीन, तिकडंच ऱ्हायला. त्याची बायको, माझी आजेसासू, मी लगीन होऊन आले तवा होती ना जिती. म्हातारी रोज एवढं कुंकू लावायची. बोटीचा भोंगा वाजला की कामधाम टाकून खाडीकडं बघत बसायची. बाया तिच्या तोंडावर हसायच्या. मी पन हसले असेन. पोरवय होतं." ती थांबली. "कवा मेला तो?"

बाईंनी तारीख सांगितली. म्हातारीने ती मनात कुठेतरी लावून पाहिली.

"म्हंजे पोरगा दोन वर्सांचा असंल तवाच." आणि मग अगदी हळू म्हणाली, "याचं पान आमी कधी वाढलंच नाय."

बाई देवाधर्मातल्या नव्हत्या. घरात साधी समई नव्हती. पण त्या दिवशी परत आल्यावर त्यांनी जेवण बाजूला ठेवून त्या तारखेची तिथी कुठली हे शोधलं, एका ओळखीच्या पंचांगवाल्यांकडून पक्कं करून घेतलं आणि संदेशला फोन करून कळवलं. त्या भाद्रपदात चारकोपला पहिल्यांदा राघोचं पान वाढलं गेलं. आम्हाला बोलावणं होतं. तबकडी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली होती, तिला म्हातारीने स्वतः ओवलेला हार होता. म्हातारीने बाईंना आग्रह करकरून वडे वाढले. बाई एरवी कुणाचं ऐकायच्या नाहीत, त्या दिवशी मात्र निमूट जेवल्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. आवाज इतका हळू होता की मला आधी वाटलं, त्यांना बरं नाही.

"हे बघ."

लॅपटॉपवर एक लिलाव उघडा होता. वेगळी साइट, वेगळा देश. काशाची तबकडी. सिंहाच्या पंजाखाली तिरपा ओरखडा. नाव राघो कदम.

मी ओरखडा आणि नाव दोनदा ताडून पाहिलं. मग राग आला. मी म्हटलं, "विकलं त्याने. बाई, हे बेकायदा आहे. इतकी जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेताच येत नाही."

"मग गेली कशी?"

"कुणी दलालाने घेतली असेल, कुणाच्या तरी बॅगेत घातली असेल. जाणारं खिशातून जातं, बाई."

"आणि येणारं?"

"येणारं कागदातून."

त्यांनी मान हलवली. मी संदेशला फोन लावायला मोबाईल उचलला, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. "तू त्याला काही विचारायचं नाहीस. पेशंट परत आला तर आधी तपासायचं, जाब विचारायचा नाही."

किंमत मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ चढली. याला कारण बाईच होत्या. मागच्या लिलावात त्यांनी दिलेली किंमत सगळ्या जगाला दिसत होती, त्यामुळे आता बोली तिथूनच सुरू झाली होती. समोर कुणीतरी चिवट संग्राहक होता. आणि मी बाईंना पहिल्यांदाच एका लिलावात पुन्हा पुन्हा आकडा वाढवताना पाहिलं. कुंड्या तशाच राहिल्या. मिळालं तेव्हा त्यांनी नुसता चष्मा काढून डोळे दाबले. मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, तीच वस्तू दोनदा? लोक तुला वेडी म्हणतील." बाई म्हणाल्या, "म्हणू देत. तू जेवलीस का?"

तबकडी पुन्हा सहारलाच आली, पुन्हा अडकली, आणि नशीब असं की टेबलावर तोच अधिकारी होता. त्याने ओरखडा पाहिला, नाव पाहिलं आणि या वेळी नीट वाचलं.

"राघो कदम. मॅडम, हे तर तुम्ही घेऊन गेला होतात."

"हो. परत गेलं होतं."

तो माणूस चांगला होता. त्याने खुर्ची मागवली, बाईंना बसवलं आणि म्हणाला, "एकदा ड्युटी भरून आणलेली वस्तू बाहेर जाऊन परत आली, तर सूट मिळू शकते. पण ती बाहेर कशी गेली ते दाखवावं लागेल. कुणी पाठवली, केव्हा पाठवली, तेवढं द्या. नाव तरी सांगा."

मी बाईंकडे पाहिलं. त्या कधी खोटं बोलत नसत. पेशंटला कॅन्सर झाल्याचंही तोंडावर सांगणारी ती बाई होती.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

"तुमच्याचकडे होती ना वस्तू?"

"म्हातारी झालेय. ठेवलेलं आठवत नाही. पूर्ण ड्युटी लावा."

अधिकाऱ्याने सवलतीचा फॉर्म बाजूला ठेवला. मग त्याने मान खाली घालून लिहायला घेतलं.

चारकोपला जाताना रिक्षात बाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी मनात संदेशला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. जिना चढताना बाईंना धाप लागली. पहिल्या मजल्यावर त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. तब्येत तेव्हाच खालावत चालली होती, पण मला ते नंतर कळलं.

दार संदेशने उघडलं. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. तो बाजूलाही झाला नाही आणि या म्हणूनही बोलला नाही. पूर्वीपेक्षा खूप वाळला होता. त्याच्या मागे भिंतीवर देवघराची वरची फळी रिकामी दिसत होती.

आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन आलाय रे? पालिशवाला काय?"

संदेशने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी अजून विसरलेले नाही. माझ्या जिभेवर आलेलं सगळं तिथेच विरलं.

बाई त्याला बाजूला सारून आत गेल्या. म्हातारी पलंगावर पडून होती. एक पाय मोडलेला, प्लास्टरमध्ये, उशाशी औषधांच्या बाटल्या. तिने उठायचा प्रयत्न केला.

"अगो बाय, डॉक्टर! बघा ना, ह्याने तबकडी पालिशला दिलान, किती महिने झाले. रोज इचारतंय मी. बोलतो, उद्या, परवा. तुमी तरी इचारा."

"विचारायचं काय त्यात," बाई नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "त्याने माझ्याकडेच दिली होती. हे घ्या."

त्यांनी पिशवीतून तबकडी काढून म्हातारीच्या हातात दिली. म्हातारीने ती छातीपाशी धरली, मग लांब धरून पाहिली.

"येवढा येळ लागतो पालिशला?"

"इथे करत नाहीत. बाहेर पाठवावी लागते. लांब."

"चमकलीय काय तशी?"

"थोडी," बाई म्हणाल्या.

संदेश दाराशीच उभा होता, हात कडीवर. म्हातारीने त्याला चहा ठेवायला सांगितलं. त्याने ठेवला. बाईंनी म्हातारीचा पाय तपासला, औषधं वाचली, एक बंद करायला सांगितलं. चहा आला तो आम्ही घेतला. संदेशने स्वतःचा कप तसाच खाली ठेवला.

तो आम्हाला सोडायला खाली आला. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही काही विचारलं नाही."

"तुला सांगायचं असेल तर सांग. ऐकते मी."

मी पुढे जाऊन रिक्षा थांबवली आणि आत बसून राहिले. तिथून ते दोघे दिसत होते. संदेश मान खाली घालून बोलत होता, मध्येच थांबत होता, मनगटाने तोंड पुसत होता. आणि कुणाचंच वाक्य कधी पुरं होऊ न देणाऱ्या बाई, पिशवीची घडी हातात धरून, त्याचं संपेपर्यंत उभ्या होत्या. तो काय म्हणाला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. शेवटी तो पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून वर उचललं.

इतक्यात वरच्या खिडकीतून म्हातारीची हाक आली. पायाला प्लास्टर असताना ती तिथवर कशी आली कोण जाणे. गजांना धरून ती खाली बघत होती.

"संदेश! वर ये रं. याला जाग्यावर ठेवायचाय, माजा हात पोचत नाय."

संदेश बाईंकडे बघत उभाच राहिला.

"जा ना," बाई म्हणाल्या. "बोलावतायत."

तो वळला आणि धावतच जिना चढून गेला.